हजेरी कोणाची घ्यावयाची?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उपस्थितीच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला, आणि तेव्हापासून प्राचार्यांच्या बैठकांतून, वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहाराच्या स्तंभांतून व निवृत्त अध्यापकांच्या संभाषणांतून एकच तक्रार निरनिराळ्या स्वरांत ऐकू येऊ लागली आहे. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम हा महाविद्यालय नावाच्या संस्थेचा उरलासुरला आधार होता, त्यालाच आता हात घातला गेला. तरुण मनाला धाक हवा, तो काढून घेतला की वर्ग ओस पडतील. सरकार ज्याच्या शिक्षणावर खर्च करते त्याने निदान बाकावर येऊन बसावे एवढी अपेक्षा करणे हा काही जुलूम नव्हे. आणि ज्याला बसावयाचेच नसेल त्याने मुक्त विद्यापीठात नाव घालावे, दुसऱ्याची जागा अडवू नये, असे या तक्रारीचे स्वरूप आहे. ही तक्रार करणारी माणसे दुष्ट नाहीत. पुष्कळशी तर तळमळीची आहेत, आणि रिकाम्या बाकांपुढे व्याख्यान देण्याचा अपमान ज्याने कधी सोसला आहे त्याला त्यांची व्यथा समजावून सांगावी लागत नाही. तथापि तळमळ खरी असली म्हणून तीतून निघालेला युक्तिवाद खरा ठरत नाही, आणि हा युक्तिवाद आरंभापासून अखेरपर्यंत चुकीच्या पायावर उभा आहे असे माझे मत असल्यामुळे त्याचा सविस्तर परामर्श घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम निकालाविषयीच दोन शब्द, कारण त्याची रुजुवात न करताच त्याच्यावर तोंडसुख घेण्याचा प्रकार बराच चालला आहे. २०१६ साली दिल्लीतील एका विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला उपस्थिती कमी पडल्याच्या कारणावरून परीक्षेस बसू दिले गेले नाही आणि त्यानंतर त्याने आपले जीवन संपवले. त्याच्या मित्राने सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविलेल्या पत्रावरून हे प्रकरण उभे राहिले, पुढे ते दिल्ली उच्च न्यायालयाकडे आले, आणि नऊ वर्षांनी त्याचा निकाल लागला. मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयातील कोणाही विद्यार्थ्यास केवळ अपुऱ्या उपस्थितीच्या सबबीवर परीक्षेपासून रोखू नये, असे न्यायालयाने म्हटले हे खरे. परंतु त्याच निकालात असेही म्हटले आहे की, महाविद्यालयाने प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या उपस्थितीची खबर दर आठवड्याला द्यावी, उपस्थिती कमी पडत असल्यास पालकांना दरमहा कळवावे, मागे पडलेल्यांसाठी जादा तास घ्यावेत, आणि हे सर्व करूनही जो उणा राहील त्याच्या गुणांत फार तर पाच टक्क्यांपर्यंत कपात करावी. हजेरी रद्द झाली अशी हाकाटी करणाऱ्यांनी हा भाग वाचलेला दिसत नाही, किंवा वाचूनही तो त्यांना सोयीचा वाटलेला नाही. न्यायालयाने हजेरीचे पुस्तक बंद केलेले नाही. ते वर्षअखेरीऐवजी दर आठवड्याला उघडावयास सांगितले आहे. निकाल विधी शाखेपुरता आहे हे मला मान्य आहे. पण त्यातील विचार कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांना लागू पडू नये असे एकही कारण मला सापडत नाही.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे माझी गणना भलत्याच पक्षात होणार नाही. वर्गात येणे अनावश्यक आहे, सर्व ज्ञान आता हातातल्या यंत्रावर उपलब्ध आहे, अठरा वर्षांच्या नागरिकाला मताचा अधिकार आहे तर तासाला न बसण्याचा का नसावा, असे म्हणणारा जो दुसरा पक्ष आहे त्याच्याशी माझे मुळीच जमत नाही. मार्कुस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली महाविद्यालयीन उपस्थितीविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हा प्रवेशपरीक्षेतील गुण, शालेय यश, अभ्यासाच्या सवयी या सर्वांपेक्षा वर्गातील उपस्थितीवरून विद्यार्थ्याच्या यशाचे अनुमान अधिक खात्रीने करता येते असे त्यांना आढळले. वर्गाचे महत्त्व याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? परंतु त्याच धांडोळ्यात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि हजेरीनिष्ठांनी ती जपून वाचावी अशी आहे: उपस्थिती सक्तीची करण्याच्या धोरणाचा विद्यार्थ्यांच्या गुणांवर होणारा परिणाम अल्पच होता. वर्गात येण्याने मोठा लाभ होतो आणि वर्गात आणण्याच्या सक्तीने थोडाच होतो, ही दोन विधाने एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहिली की, येणारा विद्यार्थी ज्या कारणांनी येतो ती कारणे निर्माण करणे हे एक काम आहे आणि न येणाऱ्याला दटावणे हे अगदीच निराळे काम आहे, हे लक्षात यावयास हरकत नसावी.

आपल्याकडील नियम तरी काय आहेत? पदवी शिक्षणाच्या किमान दर्जासंबंधीच्या २००३ च्या विनियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने, परीक्षेस पात्र होण्यासाठी लागणारी उपस्थिती साधारणतः पंचाहत्तर टक्क्यांहून कमी नसावी असे सांगितले होते. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशाप्रमाणे सर्व विषय मिळून सरासरी ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के उपस्थिती लागते. ती नसेल तर विद्यार्थ्याची टर्म ग्रँट होत नाही. हा नियम लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण दंडाची योजना पाहा. विद्यार्थी वर्गात आला नाही हा अपराध, आणि त्याबद्दल शिक्षा कोणती, तर त्याने पुढचे सहा महिने किंवा वर्षभर वर्गाबाहेरच राहावयाचे! गैरहजेरीला गैरहजेरीचाच दंड करणारा हा न्याय दुसऱ्या कोणत्याही खात्यात कोणी मनावर घेतला नसता.

या ठिकाणी काही मंडळी राजर्षी शाहू महाराजांचा दाखला देतात आणि महाराजांनीसुद्धा सक्तीच केली होती असे विजयी मुद्रेने सांगतात. अवश्य केली होती. करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे फर्मान निघाले, आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. पण तो दंड मुलाला शाळेत आणण्यासाठी होता. जे मूल आले नाही त्याला शाळेच्या दारातून परत लावण्यासाठी नव्हता. शिवाय फर्मानाच्या पुष्कळ आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका महाराजांनी सुरू केली होती, आणि खेड्यातून आलेल्या मुलाने राहावे कोठे व जेवावे काय या प्रश्नांची तजवीज सक्तीच्या आधीच काही अंशी झालेली होती. नामदार गोखल्यांनीही १९१० साली कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडताना, जेथे तेहेतीस टक्के मुलगे आधीच शाळेत जात आहेत तेथेच सक्तीचे तत्त्व लागू करावे अशी मर्यादा घातली होती. पुरेशा शाळा आणि पुरेसे शिक्षक नाहीत तेथे सक्ती म्हणजे निव्वळ छळ, हे त्या सावध मनुष्याला ठाऊक होते. आपल्या परंपरेत सक्तीला स्थान आहेच. ते तजविजीच्या नंतरचे आहे, आणि आजचा हजेरीनिष्ठ पक्ष हा क्रम सोयीस्करपणे विसरला आहे.

तजविजीचाच प्रश्न निघाला आहे तर वर्गाच्या दुसऱ्या बाजूचीही हजेरी घेऊ. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात साठ तास, असा आजचा हिशेब आहे. समजा एका महाविद्यालयात या विषयाला शिक्षकच नाही. कायम पद रिक्त आहे आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नेमणूक होऊन तो वर्गावर येईपर्यंत सत्राचे पाच-सहा आठवडे सरले. प्रत्यक्षात छत्तीस तास झाले. टक्का मात्र झालेल्या तासांवरच काढण्याचा शिरस्ता असल्यामुळे तेथील सत्तावीस तास बसलेला विद्यार्थी नियमित ठरतो, आणि ज्या महाविद्यालयात साठच्या साठ तास झाले तेथे चाळीस तास बसलेला विद्यार्थी डिफॉल्टरच्या यादीत जातो. चाळीस तास शिकलेला गुन्हेगार आणि सत्तावीस तास शिकलेला निर्दोष! न झालेल्या चोवीस तासांबद्दल मात्र कोणाचीच टर्म अडत नाही. शासनाने २०१८ साली ३५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास संमती दिली, त्यांतील उरलेल्या २०८८ पदांसाठी २०२१ साली पुन्हा परवानगी द्यावी लागली, आणि दरम्यान राज्यभर शेकडो वर्ग तासिकेवरील माणसांच्या खांद्यांवर चालले. एका गावी दोन तास, दुसऱ्या गावी तीन तास असे एस.टी.ने हिंडणाऱ्या आणि मानधनाची महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या या अध्यापकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ज्या व्यवस्थेने शिक्षकालाच अर्धवेळ केले तिने विद्यार्थ्याकडून पूर्णवेळ निष्ठेची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

महाराष्ट्राला हजेरीपटाचा एक चांगला नमुना ठाऊक आहे आणि तो विद्यापीठांनी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि पुढे १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेत मजुराचे नाव हजेरीपटावर चढले की त्याला मजुरीचा हक्क मिळतो, आणि काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम दिले नाही तर शासनाला बेकारी भत्ता द्यावा लागतो. अंमलबजावणीत पुष्कळ खोट होती, खोटे हजेरीपटही झाले, हे सर्व मान्य. पण त्या कागदाची कल्पना पाहा. मजूर आला का हे त्यात जसे दिसते, तसेच शासनाने काम दिले का हेही दिसते, आणि चूक ज्याची त्याला तोशीस लागते. महाविद्यालयाच्या कॅटलॉगात असे काहीच नाही. त्यात विद्यार्थ्याच्या नावापुढे हजर वा गैरहजर अशी खूण होते. शिक्षक नव्हता, तास झाला नाही, प्रयोगशाळेत साहित्य नव्हते, वाचनालयात पुस्तकाची एकच प्रत होती, यांपैकी कशासाठीही त्यात रकाना नाही.

आता वेळेचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच या वादातील सर्वांत गंभीर मुद्दा आहे. कोणता विद्यार्थी येत नाही हे महाविद्यालयाला जुलै-ऑगस्टमध्येच कळलेले असते. कॅटलॉग रोज भरला जातो, आणि हल्ली तर अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा टिपणारी यंत्रे लावून आकडा त्याच संध्याकाळी कार्यालयात तयार असतो. सलग तीन आठवडे जो आला नाही त्याच्यावर काही तरी संकट आहे, निदान त्याची चौकशी व्हावी, असे कोणाही सुज्ञ माणसाला वाटेल. पण ही माहिती दफ्तरात तशीच पडून राहते आणि सत्र संपता संपता, परीक्षेचे अर्ज भरावयाच्या सुमारास, सूचनाफलकावर एक लांबलचक यादी लागते. मग जो तमाशा होतो तो पाहिलेल्याला नवा नाही. पालकांना गावाहून बोलावणे, हमीपत्रे लिहून घेणे, एकाच डॉक्टरच्या सहीची एकाच आजाराची प्रमाणपत्रे, नगरसेवकाचे शिफारसपत्र, संघटनेच्या मुलांचा प्राचार्यांच्या दालनापुढे ठिय्या. आणि अखेर ज्याच्या मागे कोणी उभे आहे त्याचा निभाव लागतो व ज्याच्या मागे कोणी नाही तो अडकतो. म्हणजे नियम कठोर आहे असे म्हणावयाचे आणि प्रत्यक्षात तो फक्त निराधारांवर चालवावयाचा, अशी स्थिती. या यादीवर ज्यांची भिस्त आहे त्यांनी एकच विचार करावा: जे संकट ऑगस्टमध्ये निवारता आले असते त्याची खबर विद्यार्थ्याला ऑक्टोबरात देऊन महाविद्यालयाने नेमके काय साधले?

ती संकटे कोणत्या प्रकारची असतात याविषयीही हजेरीनिष्ठांची कल्पना फार तोकडी आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवर बसून कट्ट्यावर वेळ घालविणारा एक उनाड तरुण असतो. असे तरुण आहेत, पूर्वीही होते, आणि आजच्या तक्रारखोरांपैकी काही जण आपल्या वेळी त्यांतलेच होते अशी माझी नम्र समजूत आहे. पण यादीतील इतर नावे वाचा. बीड जिल्ह्यातील ज्या मुलाचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येणार नाहीत, त्याच्यावर म्हाताऱ्या आजीची, धाकट्या भावंडांची आणि दारच्या जनावरांची जबाबदारी आली आहे. नाशिककडच्या मुलाला द्राक्षांच्या हंगामात मजुरी मिळते आणि ती त्याच्या वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग असते. उपनगरातील मुलगी दुकानात दुपारपासून रात्रीपर्यंत उभी राहते आणि सकाळच्या पहिल्या तासाला येते, तेव्हा जागी राहणे हेच तिला मोठे काम असते. खेड्यातील मुलीला एस.टी.चा सवलतीचा पास मिळतो, पण बस सकाळी सहाला आणि नंतर थेट अकराला असली तर पास कितीही सवलतीचा असो, नऊच्या तासाला ती पोहोचणार कशी? शासनाने २०२४ साली आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले हे स्तुत्यच झाले. परंतु माफ झालेले शुल्क हे फक्त दारातून आत येण्याचे मूल्य आहे, रोज दारापर्यंत येण्याचे नव्हे.

आणि एक संकट असे आहे की ज्याविषयी कोणीच मोठ्याने बोलत नाही, कारण ते वर्गातच जन्माला येते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, तालुक्याच्या गावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला मुलगा विज्ञान वा वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला शहरात येतो. एकशेवीस जणांच्या तुकडीत तो मागच्या बाकावर बसतो. व्याख्यान इंग्रजीत चालू आहे. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक शब्द लिहून घेण्याचा प्रयत्न करतो, दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या ध्यानात येते की आपण जे लिहून घेतले आहे ते आपल्यालाच वाचता येत नाही. प्रश्न विचारावा तर तो इंग्रजीत विचारावा लागणार. चूक झाली तर एकशेवीस माना वळणार. मग तो एक तास चुकवतो. कोणाला कळत नाही. मग दोन चुकवतो. पुढे तो झेरॉक्सच्या दुकानातून तयार नोट्स घेतो, त्या खोलीवर बसून पाठ करतो, आणि त्या वर्गापेक्षा त्याला खरोखरच अधिक समजतात, कारण त्या तो चार वेळा वाचू शकतो. या मुलाने बाकावर येऊन बसावे म्हणून तुम्ही त्याला टर्म न देण्याची धमकी देता, तो बसतोही, आणि तुमच्या नोंदीत त्याचे ऐंशी टक्के भरतात. त्याच्या शिक्षणाचे काय झाले? त्या ४८ मिनिटांच्या तासातील पाच-सहा मिनिटे एकशेवीस नावे पुकारण्यात गेली, उरलेल्या वेळात त्याच नोट्सचे श्रुतलेखन झाले. याला सहभाग म्हणावयाचे असेल तर वर्गातील पंख्याचा सहभाग शंभर टक्के आहे असे मी म्हणेन.

या मुलासाठी करावयास हवे ते फार अवघड नाही. पहिल्या सत्राच्या आरंभी दोन-तीन आठवडे विषयाची परिभाषा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंगांनी शिकविणे, मोठ्या तुकडीतून वीस-वीसांचे गट काढून आठवड्यातून एकदा तरी त्यांना प्रश्न विचारू देणे, आणि तीन तास सलग चुकले की ज्याच्याकडे हा विद्यार्थी सोपविला आहे त्या अध्यापकाने त्याला बोलावून घेऊन दहा मिनिटे बोलणे, एवढ्याने पुष्कळ होईल. हे शेवटचे तर नियमाप्रमाणे होतच असले पाहिजे. नॅकच्या भेटीच्या वेळी मेंटॉर-मेंटीच्या सुंदर बांधलेल्या नस्त्या टेबलावर मांडलेल्या असतात. त्या नस्त्यांतील नोंदी कधी लिहिल्या जातात याची चौकशी करण्याचा अभद्रपणा मी करीत नाही.

आमच्या वेळी हे सर्व नव्हते तरी मुले वर्गात येत, असे एक वाक्य या वादात हमखास येते. आमच्या वेळी महाविद्यालयात कोण येत होते हे त्या वाक्यात सांगितलेले नसते. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांचे शिक्षण होते, जे गावातल्या गावात राहत, आणि ज्यांना आल्यावर घरात तयार जेवण मिळे त्यांची उपस्थिती चांगली असणे हे नियमाचे श्रेय नव्हे. याउलट ज्यांच्या घरात महाविद्यालय पहिल्यानेच आले त्यांच्यासाठी ज्यांनी महाविद्यालये काढली त्यांनी काय केले ते पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरविले गेले, कारण दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांना तीच वेळ सोयीची होती. महाविद्यालयाच्या घड्याळाप्रमाणे विद्यार्थ्याने जगावे असा आग्रह न धरता विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे त्यांनी घड्याळ लावले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच्याशी जोडली. शेतात वा बांधकामावर राबून आलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी उपस्थितीचा अपराधी मानले नाही, श्रमालाच महाविद्यालयाच्या आवारात जागा दिली. ही माणसे शिस्तीच्या बाबतीत ढिली होती असे म्हणण्याची छाती कोणाची आहे? ती कठोरच होती, पण आधी त्यांनी स्वतःकडून हिशेब घेतला. आजच्या ज्या संस्था या दोघांच्या तसबिरी दालनात लावतात त्यांनी आपल्या वेळापत्रकाकडे एकदा या दृष्टीने पाहावे. सकाळी आठचा एक तास, मग अकरापर्यंत काही नाही, मग दोन तास, मग पुन्हा तीनला एक, असे विखुरलेले वेळापत्रक आखून विद्यार्थी कॅन्टीनमध्ये का दिसतो असे विचारणे योग्य नव्हे.

मुक्त विद्यापीठाचा सल्ला मला विशेष खटकतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ज्यांना औपचारिक शिक्षण शक्य नाही त्यांच्यासाठी मोठे काम करीत आले आहे, आणि त्याची संपर्कसत्रे पुष्कळांच्या आयुष्यात निर्णायक ठरली आहेत. परंतु ज्याला वर्ग हवा आहे, प्रयोगशाळा हवी आहे, बरोबरीच्या मुलांची सोबत हवी आहे, पण ज्याच्या आईबापांना ऊसतोडीला जावे लागते त्याला ‘तुझी जागा तिकडे’ असे सांगणे म्हणजे सुखवस्तूंसाठी वर्ग आणि कष्टकऱ्यांसाठी पोस्टाने येणारी पुस्तके अशी वाटणी करणे होय. अशी वाटणी करण्याची मुभा या महाराष्ट्रात कोणालाही असू नये.

नोकरीत वेळेवर जावे लागते म्हणून त्याची सवय महाविद्यालयातच लागावी, हा मुद्दा मी लांबवीत नाही. नोकरीत वेतन मिळते, रजा मिळते आणि कामगाराला कमी करण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते. या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला देण्यास हजेरीनिष्ठ तयार असतील तर या तुलनेचा मी आनंदाने पुनर्विचार करीन. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने तर २०१७ च्या अखेरीस संशोधक विद्यार्थ्यांनाही पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या चौकटीत बसविण्याचा निर्णय घेतला. प्रबंधासाठी अभिलेखागारात वा खेड्यात हिंडणाऱ्या माणसाची हजेरी कोणत्या वर्गात घ्यावयाची हे कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि विद्यार्थ्यांनी त्यावर बहिष्कार टाकला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

राहता राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. जादा तास, लहान गट, विद्यार्थ्यांची विचारपूस, परिभाषेचे वर्ग हे सर्व करावयास माणसे लागतात, आणि माणसे तर नाहीत. मग अशक्य गोष्टींची अट घालून तुम्ही नियमच निकालात काढत आहात, असे एक सत्प्रवृत्त प्राचार्य मला म्हणू शकेल. त्यावर माझे उत्तर एवढेच की, ज्याला पैसा लागत नाही तेवढे तरी आधी करा. साप्ताहिक हजेरी विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर पाठविण्यास नवे पद मंजूर करून घ्यावे लागत नाही. आकडा यंत्रात तयारच असतो. वेळापत्रक एस.टी.च्या वेळांशी जुळवून सलग लावण्यास अनुदान लागत नाही. ऊसतोडीच्या आणि द्राक्षांच्या हंगामात ज्यांचे तास बुडतात त्यांची नावे जूनमध्येच विचारून घेऊन त्यांच्यासाठी सुट्टीत तास ठेवण्यास विद्यापीठाची मंजुरी लागलीच तर ती मागण्यास काही हरकत नाही. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशात महाविद्यालयाच्या सहली आणि अभ्यासदौरे उपस्थितीत धरले जातात. मग ‘कमवा आणि शिका’ योजनेतील तास, किंवा घरच्या शेतीचा हिशेब एखाद्या प्रकल्पाच्या रूपाने मांडून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याचे कामाचे दिवस, त्याच कलमाखाली अंशतः का धरू नयेत?

आणि हे सर्व केल्यावरही जो येणार नाही, ज्याला न येण्याचे काहीच कारण नाही, असा विद्यार्थी उरेलच. त्याच्यासाठी रडण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. त्याचे पाच टक्के गुण कापा, त्याला परीक्षेला बसू द्या, आणि न शिकता जे होते ते होऊ द्या, ए.टी.के.टी. त्याच्यासाठी आहेच. मात्र त्याच्या नावाखाली इतर शंभर जणांना एकाच यादीत लटकावू नका. यादी लावावयाचीच असेल तर ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावा, आणि तिच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्या महिन्यात कोणत्या विषयाचे किती तास व्हावयाचे होते व प्रत्यक्षात किती झाले याचा तक्ताही लावा.